पाणबुड्यांचा कैवारी

समुद्राच्या पोटात काय दडले आहे, हे पाहण्याची ओढ माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. मोत्यांचे शिंपले, पोवळ्यांची बने, तऱ्हेतऱ्हेची मासळी आणि बुडालेल्या गलबतांतील धन यांसाठी तो जिवावर उदार होऊन पाण्यात उतरत आला. परंतु निसर्गाने माणसाला फुप्फुसे दिली, माशाचे कल्ले दिले नाहीत. म्हणून खोल पाण्यात उतरणाऱ्याला दोन शत्रूंशी झुंजावे लागते. श्वास कोंडणे हा पहिला शत्रू सर्वांना ठाऊक आहे. दुसरा शत्रू अदृश्य आहे. तो म्हणजे पाण्याचा दाब.

लोहाऱ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी या दाबाची ओळख तेथील मुलांनाही असते. भरल्या विहिरीत सूर मारून तळाकडे जाऊ लागले की कान ठणकू लागतात. वरचे पाणी आपल्या भाराने कानाच्या पडद्यावर दाब देत असते, त्याचाच हा परिणाम. जमिनीवर हवेचा जितका दाब आपल्या अंगावर असतो, तितकाच आणखी दाब पाण्यात दर दहा मीटरला वाढत जातो. दहा मीटर खोलीवर तो दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट आणि पन्नास मीटरवर सहापट.

पाणबुड्याला श्वासासाठी जी हवा पुरवावी लागते, तीही तितक्याच दाबाची असावी लागते. या हवेत प्राणवायूपेक्षा नत्रवायू कितीतरी अधिक असतो. दाब वाढला की हा नत्रवायू रक्तात व मांसात विरघळू लागतो. पाणबुड्या खाली असेतोवर त्याची काही तक्रार नसते. परंतु तो झटकन वर आला, की बूच काढताच सोड्याच्या बाटलीत जसे बुडबुडे उसळतात, तसे त्याच्या शरीरात नत्रवायूचे बुडबुडे उसळू लागतात. सांधे असह्य दुखतात, पाय लुळे पडतात, कित्येकदा प्राणही जातो. एकोणिसाव्या शतकात अनेक पाणबुडे आणि पुलांचे पाये खणणारे मजूर या व्याधीने जन्माचे पांगळे झाले. या व्याधीशी दोन पिढ्या झगडणाऱ्या पितापुत्रांपैकी पुत्र म्हणजे जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी भारतात घालविली आणि ते भारताचे नागरिक झाले.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. घरी त्यांना जॅक म्हणत. त्यांचे वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे थोर अभ्यासक होते. खाणींत, गटारांत आणि कारखान्यांत माणसे कोणत्या विषारी वायूंनी मरतात, याचा शोध घेण्यासाठी ते स्वतः त्या जागी जात आणि लहानग्या जॅकलाही बरोबर नेत. एकदा एका कोळशाच्या खाणीत त्यांनी मुलाला एका ठिकाणी उभे करून पाठ केलेले भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच वेळात जॅकला धाप लागली, त्याचे पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत पडताच त्याला पुन्हा नीट श्वास घेता येऊ लागला. खाणीतील ज्वालाग्राही वायू हवेपेक्षा हलका असतो आणि तो छताजवळ साठतो, हा धडा जॅक जन्मभर विसरला नाही. विज्ञान पुस्तकात वाचावयाचे खरे, पण ते अंगावर घेऊन पारखावयाचे असते, हे संस्कार त्याच्यावर असे घडले.

१९०५ साली ब्रिटिश आरमाराने पाणबुड्यांच्या व्याधीचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली आणि त्या कामी थोरल्या हाल्डेन यांना बोलाविले. त्यांनी लंडनमधील एका संस्थेत पोलादी कोठीत शेळ्या ठेवून त्यांच्यावर हवेचा दाब वाढविण्याचे व उतरविण्याचे प्रयोग केले. दाब फार लवकर उतरविला की शेळीचा सांधा दुखू लागे आणि ती पुढचा पाय उचलून धरी. मुक्या जनावराची ती खूण शास्त्रज्ञ टिपून ठेवीत. अशा पुष्कळ प्रयोगांनंतर एक महत्त्वाची गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. दाब एकदम निम्म्यावर आणला तर इजा होत नाही. इजा होते ती त्याहून अधिक उतरविला तर.

यावरून त्यांनी वर येण्याचा नवा नियम घालून दिला. पन्नास मीटरवरील पाणबुड्याने प्रथम वीस मीटरपर्यंत बिनदिक्कत यावे, कारण तेथे दाब सहापटींवरून तिपटीवर, म्हणजे बरोबर निम्म्यावर येतो. मग मात्र घाई करू नये. तेथून पुढे टप्प्याटप्प्याने थांबत थांबत वर यावे, म्हणजे शरीरातील नत्रवायू श्वासावाटे हळूहळू निघून जातो. पूर्वी सगळी वाट सारख्याच संथ गतीने वर येण्याची शिफारस करीत. नव्या पद्धतीत कोठे लगबग करावी आणि कोठे धीर धरावा, याचे गणित होते. किती खोलीवर किती वेळ काम केल्यास कोठे किती थांबावे, याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध झाली.

तत्पूर्वी, १९०६ च्या उन्हाळ्यात, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर रॉथसे येथे या नियमाची प्रत्यक्ष समुद्रात परीक्षा घेण्यात आली. आरमारातील डमंट व कॅटो हे दोघे २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर खोल जाऊन सुखरूप वर आले. त्या वेळी तेरा वर्षांचा जॅकही वडिलांबरोबर जहाजावर होता. त्यालाही पाण्यात उतरण्याची परवानगी मिळाली. त्याच्या अंगावर चढविलेला पोशाख मोठ्या माणसाचा होता. मनगटाशी तो सैल पडत असल्यामुळे पाणी आत शिरू लागले आणि चढत चढत गळ्यापर्यंत आले. जॅक घाबरून ओरडला नाही. शिकविल्याप्रमाणे झडपेने हवेचे प्रमाण सांभाळीत तो सुमारे १२ मीटर खोलीवर ठरल्या वेळेपर्यंत राहिला. वर काढले तेव्हा तो थंडीने कुडकुडत होता. त्याला कोरडे करून अंथरुणात घातले. धैर्य म्हणजे भीती नसणे नव्हे. भीतीच्या वेळीही हातातील काम बिनचूक करणे, हे तेरा वर्षांच्या मुलाने दाखवून दिले.

वडिलांच्या कोष्टकांची खरी कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. जानेवारी १९१७ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ लॉरेंटिक नावाचे जहाज सुरुंगांवर आदळून बुडाले. त्यात सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. समुद्र तेथे सुमारे ४० मीटर खोल, वादळी आणि बर्फासारखा गार. ते सोने काढण्याचे काम ज्याच्यावर सोपविले, तो अधिकारी दुसरा तिसरा कोणी नसून रॉथसे येथे बुडी मारणारा डमंटच होता. लाटांच्या माऱ्याने जहाजाचा सांगाडा चेपला, वाळूने भरला. तरी पाणबुड्यांनी १९२४ पर्यंत ३,१८६ विटा वर आणल्या. सोन्याहून मोठी गोष्ट ही, की हजारो बुड्या मारूनही त्या कामात एकाही पाणबुड्याचा प्राण गेला नाही.

धाकटे हाल्डेन त्या युद्धात सैनिक म्हणून लढत होते. १९१५ साली शत्रूने विषारी वायू सोडला, तेव्हा वडिलांनी त्यांना बोलावून घेतले. बंद खोलीत तो वायू सोडून दोघे आळीपाळीने आत बसले आणि कोणता मुखवटा टिकतो, हे त्यांनी स्वतःच्या श्वासावर पारखले. पुढे लढताना हाल्डेन दोनदा जखमी झाले. दुसऱ्या जखमेनंतर विश्रांतीसाठी त्यांना हिंदुस्थानात पाठविण्यात आले, आणि या देशाविषयीची ओढ तेव्हाच त्यांच्या मनात रुजली. युद्ध संपल्यावर ते प्राणिमात्रांच्या आनुवंशिकतेकडे वळले. गणिताच्या साहाय्याने उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्या जगातील आद्य शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. १९३३ साली ते लंडनच्या विद्यापीठ महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

१ जून १९३९ रोजी थेटिस ही नवी पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी बुडली ती पुन्हा वर आलीच नाही. तिच्यात पाणी शिरले होते. आत १०३ माणसे होती. केवळ चौघे बाहेर पडू शकले आणि ९९ जण कोंडून मेले. असे का व्हावे, याचा शोध घेण्याचे काम हाल्डेन यांनी पत्करले. चार सोबत्यांसह ते एका बंद पोलादी कोठीत कित्येक तास बसले. श्वासाने आतली हवा दूषित होऊ लागली. डोके ठणकू लागले, श्वास जलद झाला, उलट्या झाल्या. पाणबुडीतील माणसे हवा बिघडेपर्यंत थांबली आणि मग सुटकेची साधने वापरण्याचे त्राण त्यांच्यात उरले नाही, हे या प्रयोगाने उघड झाले.

दुसऱ्या महायुद्धात आरमाराच्या सांगण्यावरून हाल्डेन आणि त्यांचे सहकारी शेकडो वेळा त्या कोठीत शिरले. दाब दसपट वाढवून आत बसलेल्या माणसाला गुणाकार करावयास लावीत, चिमट्याने बारीक गोळे उचलावयास सांगत. एरवी जे काम मुलालाही जमावे, ते थोर गणितज्ञालाही तेथे जमत नसे. अति दाबाखाली नत्रवायू नशा आणतो व बुद्धी मंद करतो. बर्फाच्या पाण्यात पडून राहून, थंडीने त्यात काय भर पडते, हेही हाल्डेन यांनी पाहिले. शुद्ध प्राणवायूची परीक्षा तर अधिकच जोखमीची होती. तो सहापट दाबाने घेतला तर जिभेला आंबटगोड लागतो, ही मौज त्यांना कळली. परंतु तोच जीवनदाता वायू अति दाबाखाली विष होतो व माणसाला झटके आणतो, हेही कळले. अशाच एका झटक्यात त्यांच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली आणि ते दुखणे जन्मभर राहिले. कानाचे पडदेही फाटले. पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या हेलन स्परवे यांनीही हे झटके सोसले. परंतु प्राणवायू किती खोलीपर्यंत निर्धोक आहे, ही मर्यादा पाणबुड्यांना त्यामुळेच सांगता आली. ज्या धोक्यात दुसऱ्याला लोटावयाचे, त्यात आधी आपण उतरावयाचे, हे ब्रीद त्यांनी कधी सोडले नाही.

१९५७ साली हाल्डेन दांपत्य भारतात आले. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ते काम करू लागले. त्यांनी येथील पोशाख आणि शाकाहार स्वीकारला. महागडी यंत्रे नाहीत म्हणून खंत करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी डोळे उघडून भोवती पाहावयास शिकविले. फुलपाखरू कोणत्या रंगाच्या फुलावर बसते, टिटवी आपली अंडी कशी सांभाळते, अशा प्रश्नांवर त्यांच्या शिष्यांनी कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्याच भांडवलावर उत्तम संशोधन केले. १९६२ साली हाल्डेन यांनी भुवनेश्वर येथे प्रयोगशाळा उभारली. पुढे त्यांना कर्करोगाने गाठले. त्या दुखण्यावरही त्यांनी एक विनोदी कविता लिहिली. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकिनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देण्यात आला. जो देह जन्मभर विज्ञानाच्या कामी आला, तो मृत्यूनंतरही त्याच कामी आला.

आज अनेक पाणबुड्यांना जड पोशाखाची व वरून हवा पुरविणाऱ्या नळीची गरज उरलेली नाही. हवेची टाकी पाठीवर बांधून ते माशासारखे मोकळे विहरतात. मालवणजवळ तारकर्ली येथे हे शिक्षण देणारी संस्था आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील पोवळी आणि रंगीत मासे पाहण्यास दूरदूरची माणसे येतात. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचा पोवळ्यांनी आच्छादलेला उंचवटा आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याने धारण केले आहे. तेथील जीवसृष्टीचा अभ्यास करण्यासाठीही पाणबुडे उतरतात. कोष्टके आता पुष्कळ सुधारली आहेत, आणि मनगटावरचे छोटे यंत्र ती मोजदाद करते. परंतु वर येताना पाणबुड्या वाटेत जे काही क्षण निमूटपणे थांबतो, त्या थांबण्यामागे एका पित्याच्या शेळ्या आहेत आणि एका पुत्राचा दुखावलेला कणा आहे.