रिचर्ड ओवेन

इंग्लंडमधील लँकेस्टर या गावी २० जुलै १८०४ रोजी रिचर्ड ओवेन यांचा जन्म झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते लंडनला आले. परंतु रोग्यांपेक्षा प्राण्यांच्या शरीररचनेतच त्यांचे मन अधिक रमले. १८२७ पासून शल्यवैद्यांच्या महाविद्यालयातील संग्रहालयात हजारो नमुन्यांची सूची करण्याचे काम त्यांनी केले. काम कंटाळवाणे खरे. पण त्यातूनच त्यांची नजर तयार झाली. १८३९ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या, सुमारे सहा इंच लांबीच्या हाडाच्या तुकड्यावरून त्यांनी तेथे एके काळी न उडणारा प्रचंड पक्षी असावा, असे अनुमान केले. चार वर्षांनी मोआ पक्ष्याची हाडे हाती आली आणि ते खरे ठरले.

त्या काळी इंग्लंडच्या खडकांतून अवाढव्य हाडे निघत होती. विल्यम बकलंड यांनी १८२४ मध्ये मेगॅलोसॉरसचे, तर गिडियन मँटेल या खेड्यापाड्यांतील रोगी पाहणाऱ्या वैद्यांनी १८२५ मध्ये इग्वानोडॉनचे व १८३३ मध्ये हायलिओसॉरसचे वर्णन प्रसिद्ध केले होते. हे प्राणी म्हणजे राक्षसी सरडेच, असा सर्वसाधारण समज होता. ओवेन यांनी तीच हाडे पुन्हा तपासली. सरड्याच्या कमरेत दोनच मणके जोडलेले असतात. येथे पाच मणके एकजीव झालेले होते. सरड्याचे पाय बाजूंना फाकतात. यांचे पाय खांबांप्रमाणे शरीराखाली सरळ होते. म्हणून १८४२ मध्ये त्यांनी या तिघांचा स्वतंत्र गट केला व त्याला डायनोसॉर हे नाव दिले. गंमत अशी, की सरड्यांपासून वेगळ्या काढलेल्या या प्राण्यांच्या नावाचा अर्थही भयंकर सरडा असाच होतो!

ओवेन यांची बुद्धी जेवढी तीक्ष्ण, तेवढे मन उदार नव्हते. आयुष्यभर हाडे गोळा करणाऱ्या मँटेल यांना श्रेय देताना त्यांनी हात आखडता घेतला. १८५२ मध्ये मँटेल वारले, तेव्हा त्यांचे कार्य कमी लेखणारा एक निनावी मृत्युलेख छापून आला. तो ओवेन यांनीच लिहिला, असे मानले जाते.

आपल्या विदर्भाशीही त्यांचा संबंध आला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या प्रयत्नाने मांगली येथील एक प्राचीन कवटी लंडनला पोहोचली. १८५५ मध्ये ओवेन यांनी तिचे वर्णन करून त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. आज तो उभयचर वर्गात गणला जातो.

ओवेन यांच्या आग्रहातून उभे राहिलेले लंडनचे निसर्गविज्ञान संग्रहालय १८८१ मध्ये खुले झाले. १८ डिसेंबर १८९२ रोजी त्यांचे निधन झाले. हाडांची फेरतपासणी मात्र चालूच राहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या डायनोसॉरला १९९७ मध्ये टायटॅनोसॉरस या प्रजातीत घातले होते. २००३ मध्ये तो निराळा ठरला आणि त्याचे नाव इसिसॉरस झाले.