वाडग्यातल्या सावलीवरून पृथ्वीचा परीघ सांगणारा ‘दुसऱ्या नंबरा’चा विद्वान!

वर्तुळ, कंस, केंद्रीय कोन... दहावीला हे सगळं घोकताना ‘याचा पुढे उपयोग काय?’ असा प्रश्न तुम्हालाही पडला असेलच. मग इरॅटोस्थेनिसची गोष्ट वाचायलाच हवी.

इ.स.पू. २७६ च्या सुमारास सायरीन इथे, म्हणजे आजच्या लिबियात, त्याचा जन्म झाला. शिक्षण अथेन्समध्ये. कविता, तत्त्वज्ञान, खगोल, गणित अशी त्याची सगळीकडे मुशाफिरी. इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याने त्याला अलेक्झांड्रियाला बोलावलं आणि तो तिथल्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख झाला. लोक मात्र त्याला ‘बीटा’ म्हणत. बीटा हे ग्रीक वर्णमालेतलं दुसरं अक्षर. थोडक्यात, सगळ्यात हुशार, पण पहिला कशातच नाही! आर्किमिडीजचं मत वेगळं असावं, कारण आपल्या शोधपद्धतीवरचा ग्रंथ त्याने याच ‘बीटा’ला उद्देशून लिहिला.

आता तो प्रसिद्ध हिशोब. सायीन (आजचं आस्वान) इथे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सावली पडत नाही, सूर्य थेट डोक्यावर असतो. त्याच वेळी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते. इथे बहुतेक जण काठीची गोष्ट सांगतात. जुन्या वर्णनात आहे ते अर्धगोल वाडग्यासारखं सावलीचं घड्याळ. तळातून उभ्या केलेल्या सुईचं टोक हे वर्तुळाचं केंद्र आणि वाडग्याच्या आतल्या बाजूवर पडलेली सावली हा कंस. हा कंस पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. म्हणजे केंद्रीय कोन ३६० ÷ ५० = ७.२ अंश.

सूर्यकिरण समांतर मानले आणि सुईची रेषा खाली पृथ्वीच्या केंद्रापर्यंत वाढवली, तर ती त्या किरणांची छेदिका होते. व्युत्क्रम कोन समान, म्हणून पृथ्वीच्या केंद्राशीही ७.२ अंशच! परीक्षेत कंसाचं माप आणि कंसाची लांबी यांत हमखास गोंधळ होतो, तो इथे सुटतो. दोन्ही कंसांचं माप एकच. पण एक वाडग्यात मावणारा, तर दुसरा दोन शहरांमधला, ५,००० स्टेडिया लांब. त्याला ५० ने गुणलं, परीघ आला २,५०,००० स्टेडिया. पुढे हा आकडा २,५२,००० झाला.

एक स्टेडियन नेमका किती मीटरचा, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. १५७.५ मीटर धरला तर परीघ सुमारे ३९,७०० किलोमीटर येतो, १८५ मीटर धरला तर ४६,६००. खरा परीघ आहे सुमारे ४०,००० किलोमीटर. शिवाय ही दोन शहरं एकाच रेखावृत्तावर नाहीत आणि आस्वान कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेला आहे.

म्हातारपणी त्याची दृष्टी गेली. आयुष्य पुस्तकांत घालवलेल्या या माणसाने मग अन्न सोडलं आणि इ.स.पू. १९४ च्या सुमारास तो वारला, असं जुने लेखक सांगतात. पृथ्वीच्या मोजमापावरचं त्याचं पुस्तकही आज उपलब्ध नाही. वाडग्याचा हा हिशोब आपल्यापर्यंत पोचला तो क्लिओमेडीस या नंतरच्या लेखकामुळे.