ज्ञानदानी लेडी प्रेमलीला ठाकरसी

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार आपल्या शास्त्रकारांनी सांगितले आहेत. पैकी शास्त्रदानाचा, म्हणजेच ज्ञानदानाचा विचार करताना लेडी प्रेमलीला विठ्ठलदास ठाकरसी यांचे स्मरण अपरिहार्यपणे होते. त्या जन्माने जैन नव्हत्या; वैष्णव भाटिया घराण्याच्या त्या सून. तथापि आमच्यासारख्या कापडाच्या व्यापारात हयात घालवलेल्यांना ठाकरसी हे नाव परके नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या इतिहासात ते मानाने घेतले जाते.

प्रेमलीलाबाईंचा जन्म १८९४ सालचा. गिरणीमालक व सहकारी बँकेच्या चळवळीचे एक अध्वर्यू सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा त्यांच्यापाशी जिद्दीखेरीज फारसे भांडवल नव्हते. शिक्षण मातृभाषेतून, पदवीचे नाव ‘गृहीतागमा’, आणि त्या पदवीला सरकारी मान्यता नाही! आपली मुलगी अशा विद्यापीठात घालण्यास पालकांना केवढे धैर्य लागले असेल, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

कर्व्यांना ही कल्पना जपानच्या महिला विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरून सुचली होती. योगायोग असा की परदेश प्रवासात ठाकरसी पतिपत्नींनी तेच विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. परतल्यावर, १९२० साली, सर विठ्ठलदासांनी आपल्या मातोश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के दराने तिचे वार्षिक उत्पन्न ५२,५०० रुपये होते. मुद्दल अबाधित ठेवून व्याजावर संस्था चालावी, हा व्यापारी हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. दात्याचा उत्साह एका पिढीचा असतो, विद्यार्थिनी मात्र दरवर्षी नव्या येतात.

ऑगस्ट १९२२ मध्ये सर विठ्ठलदास निवर्तले. प्रेमलीलाबाईंचे वय त्या वेळी जेमतेम अठ्ठावीस. पदरी अमाप संपत्ती, आणि समोर वैधव्य. त्या काळी तरुण विधवेने कोपऱ्यात बसावे हाच शिष्टाचार होता. त्यांनी तो मानला नाही. पतीने आरंभिलेले कार्य हेच त्यांनी आपले व्रत मानले.

पुण्यात येरवड्याच्या टेकडीवरील त्यांच्या ‘पर्णकुटी’चे दार राष्ट्रकार्यासाठी सदैव उघडे असे. मे १९३३ मध्ये महात्मा गांधींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. सरकारने त्यांना तुरुंगातून मुक्त केले, तेव्हा ते पर्णकुटीतच राहिले. त्याच वर्षी जून महिन्यात देवदास गांधी व लक्ष्मी यांचा विवाह याच वास्तूत पार पडला. ब्रिटिश सरकारने दिलेली ‘लेडी’ ही उपाधी धारण करणाऱ्या, गिरण्यांच्या घरातील स्त्रीने सरकारच्या कैद्याचा असा पाहुणचार करावा, यातील जोखीम व्यापारी माणसाला निराळी समजावून सांगावी लागत नाही. १९४४ साली आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावरही गांधीजी प्रथम तेथेच आले. पुढे कस्तुरबा स्मारक ट्रस्टचे अध्यक्षपदही प्रेमलीलाबाईंनी सांभाळले.

विद्यापीठाचे मुख्य कार्यालय १९३६ साली मुंबईस आले. मान्यतेसाठी मात्र स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. १९५१ साली श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाला वैधानिक दर्जा लाभला, आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या लेडी प्रेमलीला ठाकरसी. देणगीची पावती घेऊन, नावाचा संगमरवरी फलक लावून मोकळे होणारे दाते आपण पुष्कळ पाहतो. (आमच्या ट्रस्टच्या भिंतीही त्याला अपवाद नाहीत!) येथे दात्याच्या पत्नीने अभ्यासक्रम, परीक्षा, वसतिगृहे यांचा भार अंगावर घेतला.

१९६४ साली सुरू झालेले परिचर्या महाविद्यालय ठाकरसी घराण्यातील लीलाबाईंच्या नावाने चालते. १९७६ साली जुहू येथे मुलींसाठी तंत्रनिकेतन निघाले, त्यास प्रेमलीलाबाईंचे नाव देण्यात आले. तत्पूर्वी १९७५ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले होते. १९७७ साली त्यांचे देहावसान झाले. चर्चगेटजवळील ज्या रस्त्यावर विद्यापीठाची वास्तू उभी आहे, त्या रस्त्याला नाव आहे ते त्यांच्या सासूबाईंचे.