उंबरठ्यावरच थांबलेला अंतराळवीर

अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय अंतराळवीर म्हणून मेजर रॉबर्ट हेन्री लॉरेन्स यांचे नाव आज आदराने घेतले जाते. मात्र अवकाशात जाण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही आणि अंतराळवीर ही मान्यताही मृत्यूनंतर तीस वर्षांनी मिळाली.

लॉरेन्स यांचा जन्म २ ऑक्टोबर १९३५ रोजी शिकागो येथे झाला. वयाच्या विसाव्या वर्षी ब्रॅडली विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी मिळवून ते हवाई दलात दाखल झाले. पश्चिम जर्मनीतील वैमानिकांना त्यांनी प्रशिक्षण दिले. १९६५ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातून त्यांनी भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट संपादन केली. अडीच हजार तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव असलेल्या लॉरेन्स यांची जून १९६७ मध्ये हवाई दलाच्या 'मॅन्ड ऑर्बिटिंग लॅबोरेटरी' या प्रकल्पासाठी निवड झाली.

नाव प्रयोगशाळेचे असले, तरी या स्थानकाचा खरा हेतू टेहळणीचा होता. दोन अधिकाऱ्यांनी तीस दिवस कक्षेत राहून, सहा फूट व्यासाचा आरसा असलेल्या प्रचंड कॅमेऱ्याने सोव्हिएत भूमीची छायाचित्रे टिपावयाची, अशी ही गुप्त योजना होती. तिची बहुतांश कागदपत्रे २०१५ मध्ये खुली झाली.

निवडीनंतर सहा महिनेही लोटले नव्हते. ८ डिसेंबर १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर लॉरेन्स एफ-१०४ विमानाच्या मागील आसनावरून सहकाऱ्याला तीव्र उताराने विमान उतरविण्याचे शिक्षण देत होते. पुढे स्पेस शटल उतरविण्यासाठी अशीच पद्धत वापरली गेली. विमान धावपट्टीवर आदळले. पुढील आसनावरील वैमानिक जबर जखमी होऊनही बचावला. बत्तीस वर्षांचे लॉरेन्स मात्र मृत्युमुखी पडले.

व्हिएतनाम युद्धाचा खर्च आणि मानवरहित उपग्रहांची वाढती क्षमता यांमुळे १० जून १९६९ रोजी प्रकल्पच रद्द झाला. एकही अधिकारी त्या स्थानकात गेला नाही. त्यांच्यापैकी सात तरुण वैमानिकांना 'नासा'ने सामावून घेतले. त्यांतील रॉबर्ट क्रिपेन १९८१ मध्ये पहिल्या शटलमधून अवकाशात गेले. लॉरेन्स हयात असते, तर १९६९ मध्ये अवघे तेहेतीस वर्षांचे असते.

पन्नास मैलांहून उंच गेलेलाच अंतराळवीर, या हवाई दलाच्या व्याख्येमुळे केनेडी अवकाश केंद्रातील स्मारकावर त्यांचे नाव नव्हते. अखेर ८ डिसेंबर १९९७ रोजी, त्यांच्या तिसाव्या स्मृतिदिनी, ते तेथे कोरले गेले. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे रसद नेणाऱ्या एका यानाला लॉरेन्स यांचे नाव देण्यात आले. ते स्वतः गेले नाहीत. त्यांचे नाव मात्र कक्षेत पोहोचले.