लोकनायक बापूजी अणे

आपला बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात येतो. याच वऱ्हाडातील यवतमाळ जिल्ह्यात वणी नावाचे गाव आहे. तेथे २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. लोक त्यांना प्रेमाने बापूजी म्हणत.

नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते शिकले. काही वर्षे अमरावतीला शिक्षक होते. नंतर यवतमाळला वकिली करू लागले. लोकमान्य टिळकांना ते गुरू मानत.

१९३० साली गांधीजींनी दांडीच्या समुद्रकिनाऱ्यावर मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडाला समुद्र नाही, पण जंगल भरपूर आहे. सरकारी जंगलातील गवत परवान्याशिवाय कापणे हा तेव्हा गुन्हा होता. ज्याच्या दारात गुरे आहेत, त्यालाच या कायद्याचा त्रास कळेल! १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ बापूजींनी हाती विळा घेतला आणि गवत कापले. वकिलाने उघडपणे कायदा मोडला. त्यांना अटक झाली, तुरुंगवास भोगावा लागला. हाच जंगल सत्याग्रह होय.

पुढे एक अवघड प्रसंग आला. १९४१ मध्ये व्हाइसरॉयने बापूजींना आपल्या कार्यकारी मंडळात घेतले. परदेशी राहणाऱ्या भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. पण १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'भारत छोडो' आंदोलन सुरू झाले. जुने सोबती तुरुंगात आणि बापूजी सरकारात! चिमूर येथे लोकांवर अत्याचार झाले. प्राध्यापक भन्साळी दिल्लीला त्यांच्या घरी गेले व चिमूरला चलण्याचा आग्रह करू लागले. बापूजी गेले नाहीत. याबद्दल लोकांना वाईट वाटले, आणि ते योग्यच होते, असे मला वाटते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी कैदेत असतानाच २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते. तेव्हा मात्र बापूजी थांबले नाहीत. त्यांनी व आणखी दोन सदस्यांनी राजीनामे दिले.

त्याच वर्षी ते भारताचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. उर्दूत आपण ज्याला सफीर म्हणतो, त्याला मराठीत राजदूत म्हणतात. देश स्वतंत्र नसल्यामुळे बापूजींना ते नाव मिळाले नाही, काम मात्र तशाच प्रकारचे होते. तेथील चहाच्या मळ्यांत लाखो तमिळ मजूर राबत. त्यांच्या पिढ्या तेथे गेल्या, तरी मतदानाचा व नागरिकत्वाचा हक्क त्यांना पुरा मिळत नव्हता. १९४७ पर्यंत बापूजी तेथे होते. पण हा प्रश्न सुटला नाही. १९४८ मध्ये सिलोनने नवा कायदा केला आणि बहुतेक मजूर नागरिकत्वाला मुकले.

१९४८ ते १९५२ या काळात बापूजी बिहारचे राज्यपाल होते. १९६२ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते नागपूरमधून लोकसभेवर निवडून आले.

म्हातारपणी त्यांनी टिळकांच्या जीवनावर संस्कृतात हजारो श्लोक रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्या काव्याला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो स्वीकारायला बापूजी नव्हते.