बास्केटबॉल शोधणाऱ्याने सांगितलं होतं कोच व्हायचं नसतं, शिष्याने कॉलेज बास्केटबॉलची अख्खी सिस्टीम उभी केली

आपल्याकडे कॉलेजच्या टीमची मॅच असली की प्रेक्षकांत बहुतेक राखीव खेळाडू आणि त्यांचे मित्र असतात. अमेरिकेत मात्र दर मार्च महिन्यात कॉलेजची पोरं बास्केटबॉल खेळतात आणि अख्खा देश टीव्हीसमोर बसतो. या स्पर्धेचे हक्क टीव्ही कंपन्यांनी 2010 साली 14 वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरला घेतले होते.

या सगळ्याच्या मुळाशी जी माणसं आहेत, त्यातलं मोठं नाव म्हणजे फॉरेस्ट ॲलन, उर्फ फॉग ॲलन.

जन्म 1885 चा, मिझुरी राज्यातल्या जेम्सपोर्टचा. बेसबॉलमध्ये अंपायरिंग करताना त्याचा आवाज जहाजाच्या भोंग्यासारखा घुमायचा. इंग्रजीत त्या भोंग्याला फॉगहॉर्न म्हणतात, त्यावरून पडलं फॉग.

भोंग्यासोबत धंद्याचं डोकंही होतं. 1905 साली, वयाच्या 19 व्या वर्षी, त्याने बफेलो जर्मन्स नावाची तेव्हाची गाजलेली टीम कॅन्सस सिटीला बोलावली, तीन सामन्यांची मालिका ठेवली आणि तिला थेट जागतिक अजिंक्यपदाचं नाव दिलं. खेळाचा शोध लागून तेव्हा जेमतेम 13 वर्षं झाली होती. मालिका त्याच्याच टीमने जिंकली.

त्याच वर्षी तो कॅन्सस विद्यापीठात गेला. तिथे कोच होते खुद्द जेम्स नेस्मिथ, म्हणजे ज्यांनी 1891 साली बास्केटबॉल शोधून काढला ते. ॲलनला दुसऱ्या एका कॉलेजातून कोच होण्याची ऑफर आली, तेव्हा नेस्मिथ सरांनी त्याला समजावलं की हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो. गंमत म्हणजे कॅन्ससच्या कोचमध्ये जिंकल्यापेक्षा हरलेल्या मॅचेस जास्त असलेले एकटे नेस्मिथच: 55 जिंकल्या, 60 हरल्या.

ॲलनने ऐकलं नाही. 1907 मध्ये तो नेस्मिथ यांच्याच जागी कोच झाला. 1908-09 च्या हंगामात तर त्याने एकाच वेळी तीन कॉलेजच्या टीम सांभाळल्या. मध्ये ऑस्टिओपॅथीचं शिक्षण घेतलं, म्हणजे हाडं-सांधे हाताने बसवण्याची पद्धत. 1919 ला कॅन्ससला परतला तो 1956 पर्यंत तिथेच राहिला.

खरी गोष्ट सुरू होते 1927 मध्ये. नियम ठरवणाऱ्या समितीने जाहीर केलं की चेंडू आपटत पुढे पळणं, म्हणजेच ड्रिबल, आता एकाच टप्प्यापुरतं ठेवायचं. कोच लोकांना कुणी विचारलंही नव्हतं. ॲलनने देशभरातल्या कोचना एकत्र केलं, विरोध केला आणि समितीला माघार घ्यावी लागली. त्यातूनच कोचची राष्ट्रीय संघटना जन्माला आली. पहिला अध्यक्ष ॲलन. आज आपण जो बास्केटबॉल बघतो त्यातलं ड्रिबल असं वाचलेलं आहे.

बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये यावा म्हणूनही तो मागे लागला. 1936 मध्ये बर्लिनला ते झालं, आणि म्हाताऱ्या नेस्मिथना तिथे पाठवायला याच संघटनेने पैसे गोळा केले.

1938 ला न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी कॉलेज टीमची एक स्पर्धा भरवली. कोचना वाटलं, राष्ट्रीय स्पर्धा आपली हवी. ओहायो स्टेटचे कोच हॅरॉल्ड ओल्सन पुढे झाले, ॲलनने जोर लावला आणि 1939 मध्ये पहिली स्पर्धा झाली. देशाचे आठ विभाग, प्रत्येकातून एक टीम. ओरेगॉनने फायनलमध्ये ओल्सन यांच्याच ओहायो स्टेटला 46-33 ने हरवलं. हिशोब केला तर 2,531 डॉलरचा तोटा. मग कारभार गेला एनसीएएकडे, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था. पुढच्या वर्षी फायनल ॲलनच्या भागात, कॅन्सस सिटीत झाली आणि स्पर्धा नफ्यात आली. कॅन्सस मात्र फायनल हरलं.

आज ते कसं चालतं? वरच्या दर्जाला म्हणतात डिव्हिजन वन, त्यात साडेतीनशेहून जास्त विद्यापीठं. ती तीसेक कॉन्फरन्समध्ये वाटलेली, म्हणजे आपापले गट. गटाची स्पर्धा जिंकली की थेट प्रवेश, उरलेल्या जागा निवड समिती भरते. 1951 मध्ये 16 टीम होत्या, 1985 मध्ये 64 आणि 2011 मध्ये 68. हरला की घरी.

पैसा आला तसे बुकीही आले. 1944 मध्ये ॲलनने जाहीरपणे सांगितलं की सट्टेवाले पोरांपर्यंत पोहोचलेत. शिक्षणक्षेत्रातल्या लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं. 1945 मध्ये ब्रुकलिन कॉलेजचे पाच खेळाडू सापडले आणि 1951 मध्ये तर मोठा स्फोट झाला. त्यात केंटकीचं नावही आलं, त्यांचा 1952-53 चा अख्खा हंगाम रद्द झाला. केंटकीचे कोच ॲडॉल्फ रप हे ॲलनचेच जुने शिष्य.

1952 मध्ये ॲलनच्या कॅन्ससने अखेर ही स्पर्धा जिंकली. टीममधले सात जण हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले आणि सुवर्णपदक घेऊन आले.

मग ॲलनने आयुष्यातली सगळ्यात मोठी भरती केली: सात फुटी विल्ट चेंबरलेन. तेव्हा पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य टीममध्ये खेळता येत नसे. 1955 मध्ये फ्रेशर विरुद्ध सीनियर सामना झाला, त्यात विल्टने एकट्याने 42 गुण मारून सीनियरना पाडलं. ॲलनला फक्त एक वर्ष थांबायचं होतं.

पण सरकारी नियम होता, सत्तरीला निवृत्ती. त्याने मुदतवाढ मागितली, मिळाली नाही. विल्ट मुख्य टीमकडून पहिल्यांदा उतरला तेव्हा बाकावर कोच दुसराच होता. 1957 ची फायनल कॅन्सस सिटीतच झाली, तीन वेळा जादा वेळ द्यावा लागला आणि कॅन्सस 54-53 ने, म्हणजे एका गुणाने हरलं. ॲलन असता तर निकाल बदलला असता का, यावर तिकडचे लोक आजही भांडू शकतात.

निवृत्तीनंतर तो लॉरेन्समध्ये लोकांची हाडं बसवत राहिला. 1974 मध्ये, 88 व्या वर्षी गेला.

लॉरेन्समधलं स्टेडियम त्याच्याच नावाचं आहे, ॲलन फील्डहाऊस. 1988 मध्ये हॉस्टेलच्या पोरांनी बाथरूमचे पडदे जोडून एक भलामोठा बॅनर बनवला आणि तिथे टांगला: पाहुण्या टीमने फॉगपासून सांभाळून राहावं, अशा अर्थाचा.