बराकपूरचे गृहस्थ सुरेंद्रनाथ

गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार होय, असे आपल्या शास्त्रकारांनी एकमुखाने सांगितले आहे. ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी या तिघांचाही योगक्षेम गृहस्थाच्या दारी चालतो. परंतु त्या गृहस्थालाच एखादे वेळी आपल्या घराचे दार बंद झाले तर त्याने काय करावे? दूर देशी गेलेला पुत्र परत आला असता घराने त्याला कोणत्या भावनेने आत घ्यावे, आणि आत आलेल्या पुत्राने ते घर पुन्हा आपले कसे करावे? हे प्रश्न जुने आहेत. बंगालचे विख्यात राष्ट्रसेवक सुरेंद्रनाथ बंद्योपाध्याय, ज्यांना सर्व देश सुरेंद्रनाथ बॅनर्जी या नावाने ओळखतो, त्यांच्या आयुष्यात हे प्रश्न एकदा नव्हे, अनेकदा उभे राहिले. सभागृहे गाजविणारे वक्ते म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. येथे त्यांच्याकडे एक गृहस्थ म्हणून पाहावयाचे आहे.

सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ रोजी कलकत्त्यात एका कुलीन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज पूर्व बंगालमधून येऊन बराकपूरनजीक मणिरामपूर या गावी स्थायिक झाले होते. बराकपूर हे कलकत्त्याच्या उत्तरेस सुमारे चोवीस किलोमीटरवर भागीरथीच्या पूर्वतीरी वसलेले नगर. इंग्रजांची जुनी छावणी आणि १८५७ साली तेथे झालेले मंगल पांडे यांचे बलिदान यांमुळे त्याचे नाव इतिहासात अमर झाले आहे. सुरेंद्रनाथांचे पितामह कडक आचाराचे होते, तर पिता दुर्गाचरण हे पाश्चात्त्य वैद्यकात निपुण, कलकत्त्यातील नामांकित डॉक्टर. अशा रीतीने जुने आणि नवे असे दोन प्रवाह त्या एकाच घरात वाहत होते.

पुत्राने विलायतेस जाऊन सनदी सेवेची परीक्षा द्यावी, ही दुर्गाचरणांची इच्छा. ३ मार्च १८६८ रोजी सुरेंद्रनाथ जहाजावर चढले. बरोबर रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त हे दोन मित्र होते. जाण्याची सर्व तयारी गुप्तपणे करावी लागली. आईला ही वार्ता प्रस्थानाच्या आदल्या दिवशी कळविण्यात आली, आणि ती ऐकताच ती माउली मूर्च्छित झाली.

आजच्या वाचकास या मूर्च्छेचे कारण सांगितले पाहिजे. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली आहे. पुढील निबंधकारांनी कलियुगात वर्ज्य म्हणून जी कर्मे सांगितली, त्यांत तर याहून कठोर वचन आढळते : नौकेने समुद्रपार गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेऊन शुद्धी केली तरीही त्याचा संग्रह करू नये. म्हणजे जाणाऱ्याला परतीची वाटच नव्हती. तेव्हा ती माता केवळ पुत्राच्या विरहाने व्याकुळ झाली नव्हती. परतलेल्या पुत्राला आपल्या पंक्तीस घेता येईल किंवा नाही, ही चिंता तिच्या काळजाला जाळीत होती.

विलायतेत सुरेंद्रनाथ १८६९ साली परीक्षा उत्तीर्ण झाले, परंतु लगेच एक विघ्न उभे राहिले. कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी त्यांनी आपले वय, आपल्या देशाच्या रिवाजाप्रमाणे, चालू वर्ष धरून लिहिले होते. इंग्रज पद्धतीने पूर्ण झालेली वर्षे मोजणाऱ्या अधिकाऱ्यांना ते परीक्षेच्या मर्यादेबाहेरचे वाटले, आणि त्यांचे नाव यादीतून काढून टाकण्यात आले. मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर यांच्यावरही त्याच वर्षी हाच प्रसंग ओढवला. सुरेंद्रनाथांनी इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागितली आणि त्यांचे नाव पुन्हा दाखल झाले. परंतु ज्या पित्याने हे सर्व स्वप्न पाहिले, ते दुर्गाचरण फेब्रुवारी १८७० मध्ये कालवश झाले होते. पुत्र सात समुद्रांपलीकडे होता. पित्याचे अंत्यदर्शन त्याच्या नशिबी नव्हते.

१८७१ साली सुरेंद्रनाथ परत आले. कलकत्त्यातील नव्या विचारांच्या प्रतिष्ठितांनी या तीन तरुणांचा सत्कार केला. पण सत्काराचे हार एका दिवसाचे. खरी कसोटी घराच्या उंबरठ्यावर होती. घराचे छत्र नाहीसे झालेले, आई विधवा, शेजारी आणि आप्त यांचा विरोध स्पष्ट. अशा स्थितीत त्या आईने आणि भावांनी काय केले? त्यांनी सुरेंद्रनाथांना जुन्या घरात घेतले आणि त्यांच्यासह राहू लागले. जातीने त्याचे उत्तर तत्काळ दिले. सणासमारंभात जे एका पंक्तीस जेवत असत, त्यांनी येणे-जाणे बंद केले, आमंत्रणे थांबली. सर्व कुटुंबच वाळीत पडल्यासारखे झाले. त्या काळी बहिष्कार म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकांस सहज कळेल. यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १८९० साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले, हे सर्वांस ठाऊक आहे. पुण्यात १८९० साली चहाच्या पेल्याने एवढे वादळ उठले, तर १८७१ सालच्या बंगालमध्ये समुद्र ओलांडणाऱ्याची गोष्ट किती कठीण असेल!

सुरेंद्रनाथांनी आपल्या आत्मचरित्रात आईच्या व भावांच्या या धैर्याचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. ते यथार्थ आहे. सभेत समाजसुधारणेवर भाषण करणे सोपे. पण पंक्तीला कोणी येणार नाही हे जाणून परत आलेल्या मुलाचे पान आपल्या घरात मांडणे, यास अंतःकरणाचे बळ लागते. त्या मातेने शास्त्रार्थ केला नाही, कोणाशी वाद घातला नाही. तिने फक्त आपला पुत्र टाकला नाही.

यानंतर सुरेंद्रनाथ सिल्हेट येथे असिस्टंट मॅजिस्ट्रेट झाले. दोनच वर्षांत दुसरे संकट आले. एका फौजदारी खटल्यात आरोपी फरारी नसताना कागदावर तसा दाखविला गेला. त्यावर सही सुरेंद्रनाथांची होती. आपला हेतू अप्रामाणिक होता, हा आरोप त्यांनी अखेरपर्यंत नाकारला. परंतु चौकशी होऊन १८७४ साली त्यांना सेवेतून काढण्यात आले. दाद मागण्यासाठी ते पुन्हा विलायतेस गेले. तेथे अपील फेटाळले गेले. मग बॅरिस्टर होण्याचा प्रयत्न केला, तर बडतर्फीचे कारण दाखवून तेही दार बंद करण्यात आले. नोकरी गेली, वकिली मिळाली नाही, अपकीर्ती मात्र पदरी पडली.

अशा वेळी सामान्य मनुष्य परदेशातच तोंड लपवून राहिला असता. सुरेंद्रनाथांनी लंडनमध्ये सुमारे वर्षभर नियमाने ग्रंथाभ्यास केला. आपल्यावरील अन्याय हा आपल्या एकट्याचा नसून परतंत्र देशाचा आहे, असा निश्चय मनात बांधून जून १८७५ मध्ये ते घरी परतले. पहिल्या वेळी ते यश घेऊन आले होते, आणि तरीही जातीने त्यांना दूर लोटले. या वेळी ते सर्वस्व गमावून आले होते. पहिल्या परतीपेक्षा ही परत शतपटीने कठीण होती. यशस्वी पुत्राचे दोष जग लवकर विसरते; पराभूत पुत्राला मात्र केवळ घरच ओळखते.

या प्रसंगी साहाय्य आले ते पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांचे. त्यांनी आपल्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये सुरेंद्रनाथांना इंग्रजीचे अध्यापक नेमले. वेतन दरमहा दोनशे रुपये, मॅजिस्ट्रेटच्या वेतनाच्या निम्म्याहूनही कमी. पण सुरेंद्रनाथांनी ते काम हलके मानले नाही. विद्यार्थी हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. पुढे १८८२ साली त्यांनी एक शाळा आपल्या हाती घेतली. तिचेच रिपन कॉलेज झाले. स्वातंत्र्यानंतर त्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव देण्यात आले.

२६ जुलै १८७६ हा दिवस त्यांच्या जीवनात विशेष आहे. त्या सायंकाळी कलकत्त्यात इंडियन असोसिएशन या संस्थेची स्थापना व्हावयाची होती. त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांचा पुत्र मरण पावला. घरात आकांत, बाहेर देशकार्य. सुरेंद्रनाथ सायंकाळी सभेस गेले, विरोधकांना उत्तर दिले आणि संस्था उभी करूनच परतले. यास कोणी कठोरपणा म्हणेल. पण सुखदुःख, लाभहानी, जयपराजय समान मानून प्राप्त कर्तव्यास उभे राहावे, असा जो उपदेश भगवंतांनी रणभूमीवर केला, तो गृहस्थाच्या अंगणात आचरावयाचा झाला म्हणजे किती जड जातो, हे त्या दिवसावरून कळते.

ज्या समाजाने या कुटुंबाचे पान वेगळे केले, त्याच समाजासाठी सुरेंद्रनाथांना १८८३ साली कारावास भोगावा लागला. कलकत्ता हायकोर्टात न्यायमूर्ती नॉरिस यांच्यापुढे चाललेल्या एका दाव्यात घरच्या देव्हाऱ्यातील शालिग्राम न्यायालयात आणविण्यात आला. सुरेंद्रनाथांनी आपल्या ‘बेंगॉली’ पत्रात त्यावर अत्यंत तीव्र टीका केली. हाती आलेली माहिती पुरेशी नव्हती असे दिसताच त्यांनी न्यायालयात खेदही व्यक्त केला. तथापि ५ मे १८८३ रोजी न्यायालयाच्या बेअदबीबद्दल त्यांना दोन महिन्यांची कैद सांगण्यात आली. कलकत्त्यात दुकाने बंद झाली, विद्यार्थी रस्त्यावर आले. समुद्र ओलांडल्यामुळे ज्याच्या हातचे पाणी अशुद्ध ठरले, तोच शालिग्रामाच्या प्रतिष्ठेसाठी बोलून तुरुंगात गेला! यानंतर त्यांना परका कोण म्हणणार? बहिष्कार उठविल्याचा ठराव कोणत्याही धर्मसभेने केला नाही. तो काळाच्या ओघात आपोआप विरघळून गेला.

पुढे त्यांनी बराकपूरलाच, मणिरामपूरच्या घरी, भागीरथीच्या काठी आपला संसार थाटला. कलकत्त्यातील कॉलेज, वृत्तपत्र आणि सभा यांचा व्याप प्रचंड; तरी ते आगगाडीने जात आणि आगगाडीनेच परत बराकपूरला येत. व्यायाम नियमित, आहार मित, निद्रा वेळेवर. उत्तर बराकपूर नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. जो पुरुष १८९५ साली पुण्यास आणि १९०२ साली अहमदाबादेस राष्ट्रसभेचा अध्यक्ष झाला, तो आपल्या गावचे रस्ते आणि गटारे यांकडेही तितक्याच निष्ठेने पाहत असे.

देशकार्यासाठी ते पुन्हा पुन्हा विलायतेस गेले. १८९० साली राष्ट्रसभेच्या शिष्टमंडळात गेले, तेव्हा वऱ्हाडचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर त्यांच्याबरोबर होते. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते गेले, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले यांनीही तेथे साक्ष दिली. १९०९ साली साम्राज्याच्या वृत्तपत्रपरिषदेस आणि १९१९ साली राजकीय सुधारणांसंबंधी ते गेले. प्रत्येक वेळी परत येऊन त्यांनी आपले जुने काम आणि जुने घर पुन्हा धरले. परदेशाने त्यांचे ज्ञान वाढविले, पण बराकपूरचा ओढा कमी केला नाही.

अखेरची कसोटी मात्र घरच्याच लोकांनी घेतली. सुधारणांचा स्वीकार करून ते १९२१ साली बंगालचे मंत्री झाले आणि त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. असहकाराच्या त्या लाटेत लोकांना हे रुचले नाही. १९२३ च्या निवडणुकीत, ज्या बराकपूरची त्यांनी आयुष्यभर सेवा केली, तेथेच डॉ. विधानचंद्र रॉय यांनी त्यांचा पराभव केला. जातीने एकदा टाकले, सरकारने एकदा टाकले, आता मतदारांनीही टाकले. राजकारणातील त्यांच्या त्या निर्णयाविषयी मतभेद होते आणि राहतील. पण वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी पराभूत झालेले सुरेंद्रनाथ गाव सोडून गेले नाहीत. ते आपल्याच घरी राहिले. त्यांचे आत्मचरित्र १९२५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी, मार्ग भिन्न असूनही, महात्मा गांधी त्यांच्या भेटीसाठी बराकपूरला गेले आणि त्या वृद्ध देशभक्ताविषयी आदराने लिहिले. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, ६ ऑगस्ट १९२५ रोजी, भागीरथीतीरीच्या त्या घरातच सुरेंद्रनाथांनी देह ठेवला.

आज समुद्रगमनाचा दोष बहुधा कोणी मानीत नाही. घरोघरची मुले विद्येसाठी आणि उपजीविकेसाठी परदेशी जातात. पण परतीचा प्रश्न संपलेला नाही. कोणी यश घेऊन येतो, कोणी नोकरी गमावून येतो. कोणाच्या चालीरीती बदललेल्या असतात, कोणी आई-वडिलांच्या अंत्यसमयी पोहोचू शकलेला नसतो. अशा वेळी घरच्या वडील मंडळींनी सुरेंद्रनाथांच्या आईचे स्मरण करावे : आधी पान मांडावे, विचारपूस मागाहून करावी. आणि परत आलेल्याने सुरेंद्रनाथांचे स्मरण करावे : घरात पुन्हा रुजणे हे मानपत्रांनी होत नाही, वादानेही होत नाही. जे कर्म समोर येईल ते, लहान असो वा मोठे, नित्य आणि निष्ठेने करीत राहिले म्हणजे घर, गाव आणि समाज आपल्याला पुन्हा आपला म्हणतात. गृहस्थाचा स्वधर्म तो हाच.